यंत्रांतील दफ्तर आणि खातेदाराची दक्षता

ज्याच्या जमिनीची नोंद अद्यापि संगणकांत गेली नाहीं असा खातेदार आमच्या वाचकांत आतां बहुधा सांपडणार नाहीं. सात-बाराचा उतारा, आठ-अ, पीक-पाहणी, पीकविम्याचा अर्ज, सोसायटीचें कर्जखातें, हीं सर्व कामें आज यंत्राच्या द्वारें होतात. पूर्वीं गांवचें दफ्तर रुमालांत बांधलेलें असे. तें सोडून पाहिलें म्हणजे शाईचा रंग, खाडाखोड व मागाहून घुसडलेली ओळ जाणत्याच्या नजरेस येई. आतांचें दफ्तर डोळ्यांस दिसत नाहीं. दिसतो तो त्याचा उतारा. त्यामुळें कित्येकांची अशी समजूत झाली आहे कीं, यंत्रानें दिलें तें बिनचूक. आणि उलट कित्येकांस असा संशय वाटतो कीं, यंत्रांत कोणीहि कांहींहि करूं शकतो. आमच्या मतें हे दोन्ही ग्रह चुकीचे आहेत. हें दफ्तर कसें रचतात, त्यांत चूक कोठें शिरते व ती कशी अडवितां येते, याचें स्थूल ज्ञान प्रत्येक जमीनधारकास असणें हें आतां बीं व खत यांच्या ज्ञानाइतकेंच अगत्याचें झालें आहे. म्हणून या अंकीं त्या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका आंकड्याची उलटापालट

प्रथम आमच्या परिचयाच्या एका कास्तकाराचें उदाहरण देतों. दोघां भावांत १ हेक्टर ६२ आर क्षेत्राचा एक गट होता व प्रत्येकाचा हिस्सा ८१ आर, म्हणजे सुमारें दोन एकर, होता. हस्तलिखित सात-बारा यंत्रांत उतरवितांना धाकट्या भावाच्या नांवापुढें ८१ चे १८ झाले. कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. लिहिणाऱ्याची नजर चुकली इतकेंच. पुढें कित्येक वर्षें उतारा नीट वाचून पाहण्याचा प्रसंग आला नाहीं. एका खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठीं अर्ज केला, तेव्हां कर्ज मंजूर झालें तें अठरा आरांपुरतें. शेत तेंच, बांध तेच, वहिवाट तीच. परंतु कागदावर दीड एकराहून अधिक जमीन नाहींशी झाली होती. दुरुस्तीचा अर्ज, जुन्या उताऱ्याची नक्कल, भावाचा जबाब, हें सर्व होईपर्यंत पेरणीचे दिवस निघून गेले आणि बियाण्यासाठीं त्या गृहस्थास सावकाराचें दार गांठावें लागलें.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, ८१ व १८ यांची बेरीज ९९ होते. गटाचें क्षेत्र तर १६२ आर. म्हणजे चुकीचा पुरावा त्याच पानावर उघडा पडला होता. 'खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशीं जुळत नसेल तर नोंद घेऊं नये,' एवढी एक अट यंत्रास आधींच घातलेली असती, तर ती चूक उंबरठ्यावरच अडली असती. यंत्र सांगितलेलें काम न थकतां करितें, न सांगितलेलें मुळींच करीत नाहीं. सॉफ्टवेअर चांगलें कीं वाईट, हें त्यास काय काय सांगून ठेविलें आहे यावरूनच ठरतें.

कोष्टकांची रीति

माहितीच्या अशा व्यवस्थित सांठ्यास डेटाबेस म्हणतात. आज प्रचारांत असलेल्या बहुतेक डेटाबेसांचा पाया एडगर कॉड या विद्वानानें घातला. अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत काम करीत असतां १९७० सालीं त्यानें एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य कल्पना अशी कीं, सर्व माहिती सरळ कोष्टकांत ठेवावी, प्रत्येक ओळीस ओळखण्याची एक खूण असावी, आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशीं संबंध त्या खुणेनेंच जोडावा. पुढें १९७४ सालीं त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची एक भाषा सिद्ध केली. ती एस.क्यू.एल. या नांवानें जगभर पसरली व अजूनहि चालू आहे.

आमच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. गांव नमुना सात गटवार असतो, आठ-अ खातेवार असतो, बारामध्यें पिकें लिहितात व सहामध्यें फेरफार. सातवर फेरफाराचा नंबर घातलेला असतो. त्यावरून कोणाचें नांव कशामुळें लागलें याचा माग काढतां येतो. हींच तीं कोष्टकें आणि हेच त्यांचे दुवे.

या रीतीचा पहिला नियम असा कीं, एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी. समजा, एका खातेदाराचे सात गट आहेत आणि त्याचें नांव कोठें 'विठ्ठल', कोठें 'विठोबा', तर कोठें आडनांव गाळून लिहिलें आहे. गांवच्या माणसास हा एकच गृहस्थ हें ठाऊक असतें. यंत्राच्या लेखीं त्या तीन असामी होत. म्हणून जाणता रचनाकार खातेदारांचें एक वेगळें कोष्टक करितो, प्रत्येकास एक क्रमांक देतो, आणि गटापुढें तो क्रमांकच लिहितो. नांवाची दुरुस्ती एका जागीं केली कीं ती सातहि गटांस लागू होते. दुसरा नियम असा कीं, खातेदारांच्या कोष्टकांत जो क्रमांक नाहीं तो गटापुढें लिहूंच देऊं नये. तिसरा असा कीं, प्रत्येक घरांत त्या त्या जातीचीच माहिती यावी. क्षेत्राच्या घरांत नांव येऊं नये व एकर-गुंठे आणि हेक्टर-आर यांची सरमिसळ होऊं नये. एक एकर म्हणजे सुमारें ४०.४७ आर. चाळीस गुंठ्यांस कोणी चाळीस आर मानून चालला, तर दर एकरामागें जवळजवळ अर्धा गुंठा बुडतो.

हे नियम लिहिणाऱ्याच्या स्मरणावर सोडून भागत नाहीं. ते खुद्द डेटाबेसांत अटी म्हणून घालून ठेवावे लागतात. तसें केलें म्हणजे उद्यां दुसरा कारकून दुसऱ्या ठिकाणाहून नोंद करूं लागला, तरी तोच पहारा त्यासहि लागू पडतो.

याच ओघांत सूचीचा उल्लेख केला पाहिजे. हजारों ओळींच्या कोष्टकांतून एक गट शोधावयाचा तर प्रत्येक ओळ वाचीत बसणें परवडत नाहीं. म्हणून गट नंबराची किंवा नांवाची एक सूची वेगळी ठेवितात. तिच्या योगें शोध जलद होतो. परंतु दर नव्या नोंदीबरोबर सूचीहि सुधारावी लागत असल्यामुळें लिहिण्यास वेळ अधिक लागतो. तेव्हां ज्या प्रश्नांची वारंवार गरज पडते त्यांच्यापुरत्याच सूची ठेवणें शहाणपणाचें.

व्यवहार पुरा व्हावा, नाहीं तर मुळींच होऊं नये

जमीन विकली म्हणजे दफ्तरांत दोन कामें करावयाचीं असतात: विकणाऱ्याचें क्षेत्र कमी करणें व घेणाऱ्याचें वाढविणें. पहिलें काम झालें आणि तेवढ्यांत वीज गेली, तर ती जमीन कोणाचीच राहणार नाहीं. सोसायटीच्या हिशेबांतहि तेंच. सभासदाच्या खात्यांतून हप्ता वजा झाला व कर्जखातीं जमा झाला नाहीं, तर त्याचें भांडण पुढें वर्षभर पुरतें. म्हणून अशीं जोडकामें एकत्र बांधून त्यांचा एक 'व्यवहार' करितात. तो सर्वच्या सर्व पार पडतो, किंवा पहिल्यापासून झालाच नाहीं असा रद्द होतो.

हें यंत्रास साधतें कसें? आपल्या पेढ्यांतील जुनी चाल आठवावी. तेथें प्रत्येक देवघेव प्रथम रोजकीर्दींत लिहीत आणि मग तीवरून खतावणी करीत. खतावणी राहिली किंवा खराब झाली, तरी रोजकीर्द पाहून ती पुन्हां उभी करितां येई. डेटाबेसहि नेमकें असेंच करितो. बदल प्रथम आपल्या रोजकीर्दींत लिहितो, 'व्यवहार पुरा' अशी शेवटची ओळ तेथें पक्की करितो, आणि कोष्टकें सावकाश सुधारितो. मध्येंच बंद पडून पुन्हां सुरू झाला कीं तो रोजकीर्द वाचतो. ज्या व्यवहारांस शेवटची ओळ आहे ते पुरे करितो, ज्यांस नाहीं ते रद्द करितो. या शास्त्राची मांडणी करणाऱ्यांत जिम ग्रे हा अग्रणी होता. त्यास १९९८ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. १९८३ सालीं थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर या जर्मन पंडितांनीं चांगल्या व्यवहाराचे चार गुण एकत्र सांगितले. व्यवहार अखंड असावा. नियमांशीं सुसंगत असावा. इतर चालू व्यवहारांपासून अलग असावा. आणि एकदां पुरा झाल्यावर टिकाऊ असावा.

यांतील अलगपणाचें महत्त्व लोकांस उशिरा कळतें. समजा, गुदामांत बियाण्याच्या दहाच गोण्या शिल्लक आहेत. दोन कारकून दोन खिडक्यांवर एकाच क्षणीं शिल्लक पाहतात. दोघांसहि दहा दिसतात. दोघेहि दहा-दहांची पावती फाडतात. प्रत्येकानें आपापल्या परीनें बरोबरच केलें, तरी दहा गोण्यांच्या जागीं वीस विकल्या गेल्या. चांगल्या रचनेंत पहिल्याचें काम पुरें होईपर्यंत ती ओळ अडवून ठेवितात, किंवा मध्यंतरीं शिल्लक बदलली असेल तर दुसऱ्याचा व्यवहार नाकारितात. एकट्यानें चालवून पाहतांना हा दोष कधींच दिसत नाहीं; पेरणीच्या गर्दींतच तो बाहेर पडतो.

वेबची खिडकी

पूर्वीं अशीं यंत्रें कचेरींतल्या कचेरींतच चालत. १९८९ सालीं टिम बर्नर्स-ली यानें जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत वेबची कल्पना मांडली, आणि पुढें घरबसल्या दूरच्या दफ्तराशीं बोलतां येऊं लागलें. या रचनेचे तीन भाग असतात. पहिला आपल्या मोबाईलवर दिसणारें पान. दुसरा मागणी तपासून काम करणारा सर्व्हरवरील प्रोग्राम. तिसरा मागें असलेला डेटाबेस. खिडकी, कारकून व कपाट अशी ही त्रयी समजावी.

येथील मुख्य नियम असा कीं, खिडकींतून आलेल्या कोणत्याहि गोष्टीवर आंधळा विश्वास ठेवूं नये. पानावर चूक अडविण्याची सोय असली तरी ती केवळ वापरणाऱ्याच्या सोयीची. लबाड मनुष्य तें पान टाळून थेट सर्व्हरकडे मागणी धाडूं शकतो. म्हणून प्रत्येक तपासणी कारकुनाच्या बाजूस पुन्हां झालीच पाहिजे. एक कावा तर सर्वांनीं ओळखून ठेवण्यासारखा आहे. नांवाच्या रकान्यांत नांव न लिहितां कोणी एस.क्यू.एल. भाषेंतील हुकूम लिहितो. आणि निष्काळजी प्रोग्राम त्या मजकुरास आपल्या हुकुमांत जोडून टाकतो. मग डेटाबेस परक्याची आज्ञा आपल्या धन्याचीच समजून पाळतो. ही युक्ति १९९८ सालापासून जाहीरपणें ठाऊक आहे, तरी अजून कित्येक संस्था तिला बळी पडतात. उपाय सोपा आहे. हुकूम आधींच ठरवून ठेवावा व बाहेरून आलेली माहिती त्यांत मोकळ्या घरांत भरावी, म्हणजे तिला माहितीवांचून दुसरा अर्थ उरत नाहीं.

तसेंच पासवर्ड आहे त्या रूपांत लिहून ठेवूं नये. ज्यावरून मूळ शब्द परत काढणें व्यवहारतः अशक्य, असें त्याचें रूपांतरच ठेवावें. आणि कोणास काय करण्याचा अधिकार, हें नेमून द्यावें. उतारा पाहणाऱ्यास तो बदलण्याचा अधिकार नको. शेजारच्या कर्नाटकांत २००० सालच्या सुमारास सुरू झालेल्या 'भूमि' योजनेंत नोंद करणाऱ्या कामगाराची ओळख बोटाच्या ठशानें पटविण्याची व्यवस्था केली होती. कोणी, केव्हां, काय बदललें याची नोंद राहिली म्हणजे प्रामाणिकास आधार मिळतो व अप्रामाणिकास धाक बसतो.

नवें वाण आणि नवा प्रोग्राम

नवें वाण आलें म्हणून कोणी शहाणा शेतकरी सगळें रान त्याच बियाण्यानें पेरीत नाहीं. एका वाफ्यांत प्रयोग करितो, शेजारीं जुनें वाण ठेवितो, आणि मग ठरवितो. सॉफ्टवेअरचीहि हीच रीत आहे. खऱ्या दफ्तरास हात न लावतां त्याच्या नमुन्यावर बदल करून पाहावा; ज्या चुका एकदां सांपडल्या त्या पुन्हां होत नाहींत ना, हें तपासणाऱ्या चांचण्या लिहून ठेवाव्या; आणि बदल फसला तर मागें कसें यावें, हें आधीं ठरवावें. प्रोग्रामांतील प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवण्यासाठीं लिनस टोरवाल्ड्स यानें २००५ सालीं केलेलें 'गिट' नांवाचें साधन आज सर्वत्र वापरलें जातें. कोष्टकांच्या रचनेंतील बदलहि त्याचप्रमाणें क्रमांक घालून लिहून ठेवावे, म्हणजे कोणत्या दफ्तरास कोणता बदल लागला हें समजतें.

शेवटची गोष्ट दुसऱ्या प्रतीची, म्हणजे बॅकअपची. बियाणें एकाच कणगींत ठेवणें धोक्याचें. तसेंच दफ्तराची प्रत त्याच खोलींत ठेवणें व्यर्थ होय. आग किंवा पूर आला तर दोन्ही बरोबरच जातील. शिवाय ठेवलेलें बीं जसें पेरणीपूर्वीं उगवून पाहतात, तशी ती प्रत मधून मधून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं, तिच्यावर भरंवसा ठेवणें म्हणजे न उगवणाऱ्या बियाण्यावर हंगाम सोडणें होय.

आपल्या प्रांतांतील व्यवस्था

महाराष्ट्रांत २०१७ सालीं संगणकांतील सात-बारा गांवोगांवीं चावडींत वाचून दाखविण्याची मोहीम झाली. हस्तलिखितांतून उतरवितांना झालेल्या चुका खातेदारांनीं स्वतः ऐकून सांगाव्या, हा तिचा उद्देश होता, आणि तो योग्यच होता. अटींनीं कित्येक चुका अडतात. परंतु बेरीज जुळूनहि जी नोंद खोटी असेल, ती केवळ त्या जमिनीचा माणूसच ओळखूं शकतो. दोघां भावांचे हिस्से आपसांत बदलून लिहिले गेले, तर यंत्रास त्यांत कांहींच वावगें दिसत नाहीं.

२०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळूं लागला. या स्वाक्षरीचा अर्थ नीट समजून घ्यावा. स्वाक्षरी झाल्यावर उताऱ्यांत कोणी अक्षर बदललें तर पडताळणींत तें उघड होतें. मूळ दफ्तरांतच १८ आर असतील, तर त्या १८ वरहि तीच स्वाक्षरी तितक्याच विश्वासानें उमटते. २०२१ सालच्या खरिपापासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यास स्वतःच्या मोबाईलवरून छायाचित्रासह पिकाची नोंद करण्याची सोय झाली. ज्याची गोष्ट त्यानेंच लिहावी हें तत्त्व चांगलें. परंतु त्याबरोबर चुकीची जबाबदारीहि आपल्याकडे आली आहे.

कायदा याविषयीं काय म्हणतो तेंहि पाहूं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणें अधिकार-अभिलेखांतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चुकीच्या नोंदीचा भार चूक करणाऱ्यावर न पडतां तुमच्यावर पडतो. लेखनदोष किंवा सर्व संबंधितांनीं कबूल केलेली चूक कलम १५५ खालीं दुरुस्त करितां येते. वारसाहक्कानें जमीन आली तर तीन महिन्यांच्या आंत वर्दी द्यावी, आणि फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत असल्यास ती पंधरा दिवसांत लेखी घ्यावी. ही मुदत हातची घालविल्यावर उरतें तें अपील व वकिलाची फी.

सोसायट्यांनीं विचारावयाचे प्रश्न

गांवोगांवच्या प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठीं केंद्र सरकारनें २०२२ सालीं २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली व त्या वेळीं सुमारें ६३,००० संस्था तींत घेण्याचें ठरविलें. शिवाय कित्येक संघ व उत्पादक मंडळ्या स्वतंत्रपणें प्रोग्राम विकत घेत आहेत. पंचांपैकीं कोणास ही विद्या येत नसली तरी हरकत नाहीं. पैसे मोजण्यापूर्वीं पुढील प्रश्न मात्र अवश्य विचारावे:

१. प्रत्येक सभासदास एकच क्रमांक आहे कीं नांव जागोजाग पुन्हां लिहावें लागतें?

२. भरणा लिहीत असतां मध्येंच वीज गेली तर काय होतें? हें समक्ष, नमुन्याच्या हिशेबावर, वीज बंद करून दाखवावें.

३. दोन खिडक्यांवरून एकाच मालाची विक्री एकाच वेळीं केली तर शिल्लक बरोबर राहते काय?

४. चुकीची नोंद पुसली जाते, कीं उलट नोंद करून दुरुस्त होते? दुरुस्ती करणाराचें नांव व वेळ राहते काय?

५. दफ्तराची दुसरी प्रत कोठें असते, आणि ती शेवटची केव्हां उघडून पाहिली?

६. उद्यां हा प्रोग्राम सोडावयाचा झाला, तर आमची सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपांत आमच्या हातीं मिळेल काय?

विकणारा या प्रश्नांचीं सरळ उत्तरें देईल तर बोलणें पुढें चालवावें. 'तुम्हांस तें समजणार नाहीं' असें तो म्हणेल, तर त्यास नमस्कार करून परत पाठवावें.

खातेदार बंधूंस आमची विनंती एवढीच कीं, उताऱ्याची गरज पडेपर्यंत थांबूं नका. दर वर्षीं पेरणीपूर्वीं, बीं निवडावयास बसाल त्याच सुमारास, आपला सात-बारा व आठ-अ काढून घ्या. नांव, गट नंबर, क्षेत्र, बोजा व इतर हक्क यांवर एकेक करून बोट ठेवून वाचा. आपले व सहहिस्सेदारांचे आंकडे मिळवून गटाच्या क्षेत्राशीं ताडून पाहा. घरांतील जुना हस्तलिखित उतारा रद्दी म्हणून टाकूं नका. या कामास अर्धी घटका पुरते. आमच्या परिचयाच्या त्या गृहस्थानें ती अर्धी घटका आधींच्या चैत्रांत खर्चिली असती, तर त्याचा खरीप वांचला असता.